दुखतंय कुठं, हे सांगता न येणाऱ्या मोठ्या माणसाचा दवाखाना

मूल लहान असतं तोवर त्याच्याकडे बघणारं कुणीतरी असतं. बालरोगतज्ज्ञ असतो, शाळेत तपासणी होते. २०१३ पासून सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे आणि त्याखाली जिल्ह्याच्या ठिकाणी लवकर निदान-उपचाराचं केंद्र आहे. अठरा वर्षं पूर्ण झाली की हे सगळं थांबतं. विशेष शाळाही तिथंच संपते. बौद्धिक अक्षमता मात्र जन्मभराची असते. पुढची तीस-चाळीस वर्षं हा माणूस आजारी पडला की त्यानं जायचं कुठं? मेडिसिनच्या ओपीडीत, मोठ्या रांगेत, जिथं डॉक्टरला एका पेशंटमागं जेमतेम चार मिनिटं मिळतात आणि पहिला प्रश्न असतो, “काय होतंय?”

नेमकं त्याच प्रश्नाचं उत्तर त्याला देता येत नाही.

मी मिरजेत नर्स आहे. माझ्या धाकट्या भावाला मध्यम स्वरूपाची बौद्धिक अक्षमता आहे, सोबत फिट्सचा त्रास. त्यामुळे कॉटच्या दोन्ही बाजूंना मी उभी राहिलेली आहे. सांगली-मिरजेत दवाखान्यांची वाण नाही. १८९४ मध्ये इथं मिशन हॉस्पिटल सुरू झालं, तेव्हापासून जत-आटपाडीपासून पलीकडं कर्नाटकातल्या अथणी-रायबागपर्यंतचे लोक मिरजेला येतात. यंत्रं आहेत, तज्ज्ञ आहेत. अशा पेशंटच्या बाबतीत कमी पडतं ते वेगळंच काहीतरी, आणि त्यातलं बरंचसं पैसा न लागता करता येण्यासारखं आहे. म्हणून हा लेख.

आधी थोडक्यात, मी कुणाबद्दल बोलतेय ते. बुद्ध्यांक साधारण सत्तरच्या खाली, रोजचे व्यवहार स्वतःचे स्वतः करायला अडचण, आणि हे सगळं लहानपणापासून. याला बौद्धिक अक्षमता म्हणतात. दाखल्यावर बऱ्याच ठिकाणी अजून ‘मतिमंद’ लिहिलेलं सापडेल. हा मानसिक आजार नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मानसिक आजाराच्या व्याख्येतून ही अवस्था स्पष्टपणे बाहेर ठेवली आहे. सौम्य प्रकारातली माणसं तासगावात बेदाण्याच्या शेडवर कामाला जातात, एसटीनं एकटी फिरतात, स्वतःचा मोबाईल वापरतात. तीव्र प्रकारात घासही दुसऱ्यानं भरवावा लागतो. दोघांची गरज एक नाही, एवढं लक्षात ठेवून पुढं जाऊ.

“तो आधीपासूनच तसा आहे”

वॉर्डात अशा पेशंटबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हे. तो डोकं आपटतोय, ताट फेकतोय, रात्रभर जागा आहे, अंथरूण ओलं करतोय. फाइलवर ‘मतिमंद’ लिहिलेलं आहेच. मग सगळं वागणं त्या एका शब्दाच्या खात्यावर टाकलं जातं आणि पोट दाबून बघायचं राहून जातं. वैद्यकशास्त्रात याला डायग्नॉस्टिक ओव्हरशॅडोइंग असं नाव आहे: एक ठळक निदान समोर असलं की त्याच्या सावलीत दुसरा आजार दिसेनासा होतो. डॉक्टर बेफिकीर असतो म्हणूनच हे होतं असं नाही. रांग मोठी आहे, पेशंट हात लावू देत नाही आणि एक कारण समोर आयतं तयार आहे. घाईत माणूस तेच कारण उचलतो. नर्सही उचलतात आणि घरचेही.

माझा भाऊ एकदा स्वतःच्या गालावर चापट्या मारायला लागला. आधी दिवसातून कधीतरी, मग सारखाच. जेवण कमी झालं, झोप गेली. जवळच्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आईला विचारलं, “पूर्वी असं करायचा का?” आई प्रामाणिकपणे म्हणाली, “करतो की, चिडला की करतो.” शांत राहायची गोळी वाढवून मिळाली. गोळीनं तो दिवसभर पेंगायचा आणि जाग आली की पुन्हा मारायचा. दोन गोष्टी मात्र नव्या होत्या. तो फक्त डाव्या गालावर मारत होता, आणि कडक भाकरी आवडीनं खाणारा माणूस भाकरी आमटीत पूर्ण भिजेपर्यंत थांबत होता. दातांच्या डॉक्टरांनी तोंड उघडून बघितलं तर डाव्या बाजूच्या शेवटच्या दाढेखाली पू झालेला. दाढ काढली. चापट्या थांबल्या. वाढवलेली गोळी कमी करायला मात्र पुढं बरेच दिवस गेले, कारण अशा गोळ्या झटक्यात बंद करता येत नाहीत.

“असं वागतो का?” या प्रश्नाचं उत्तर नेहमी ‘हो’ येतं, म्हणून तो प्रश्न फारसा कामाचा नाही. विचारायचं ते असं: काय बदललं आणि कधीपासून? खाणं, झोप, शौच, लघवी, चालणं, आवाज, कुणाजवळ बसायचं आणि कुणाजवळ नाही. ज्याला शब्द नाहीत त्याच्या वागण्यातला बदल हीच त्याची तक्रार असते. गुडघा दुखत असेल तर तो लंगडेलच असं नाही. कदाचित जिना चढायला नकार देईल आणि आपण म्हणू, हट्टीपणा करतोय. पाळीच्या दिवसांत दरवेळी स्वतःला चावणारी मुलगी बिघडलेली नसते, तिच्या पोटात कळा येत असतात. एकाएकी ऐकेनासा झालेला माणूस कानात मळ साचल्यामुळंही ऐकेनासा होतो, खरंच इतकं साधं असू शकतं.

सावलीत राहून गेलेल्या आजारांची किंमत किती, हे ब्रिटननं मोजून पाहिलं आहे. ब्रिस्टल विद्यापीठानं नैऋत्य इंग्लंडमधल्या अशा २४७ लोकांच्या मृत्यूंची एकेक करून चौकशी केली आणि २०१३ मध्ये अहवाल दिला. बौद्धिक अक्षमता असलेले पुरुष इतर पुरुषांपेक्षा सरासरी १३ वर्षं आधी गेले होते, बायका तर २० वर्षं आधी. त्यातले ३७ टक्के मृत्यू चांगल्या उपचारानं टळण्यासारखे होते. सर्वसाधारण लोकांत हे प्रमाण १३ टक्के होतं. तिथं प्रत्येकाला सरकारी आरोग्यसेवा फुकट मिळते, हे ध्यानात घ्या. म्हणजे पैशाच्या पलीकडचीही अडचण आहे. आपल्याकडं २०११ च्या जनगणनेत पंधरा लाख लोकांची या प्रकारात नोंद झाली.

पोट आणि घास

सगळ्यात दुर्लक्षित आजार सांगू? बद्धकोष्ठता. हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही ही. हालचाल कमी, पाणी कमी, आणि शांत ठेवणाऱ्या बऱ्याच गोळ्यांनी आतडी मंदावतात. २०१२ साली ब्रिटनमध्ये डाऊन सिंड्रोम (जन्मतः एक गुणसूत्र जास्त असणं) असलेला ३३ वर्षांचा एक तरुण यातूनच गेला. शस्त्रक्रियेत त्याच्या पोटातून दहा किलो मळ काढला होता. घरात आई असते तोवर ती संडासचं लक्ष ठेवते. माणूस वॉर्डात आला, की तिसऱ्या दिवसापर्यंत कुणी विचारत नाही. शिवाय फसवणारी एक गोष्ट: आत घट्ट मळाचा खडा अडकलेला असताना बाजूनं पातळ गळतं, आणि आपल्याला वाटतं जुलाब होतायत. अशा वेळी जुलाब थांबायची गोळी दिली तर काय होईल, विचार करा. म्हणून कॅलेंडरवर रोज एक खूण करायची आणि ते कॅलेंडर दवाखान्यात सोबत न्यायचं.

दुसरं, गिळणं. तीव्र अक्षमता किंवा सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळं स्नायूंवर ताबा नसणं) असलेल्यांमध्ये घास श्वासनलिकेत उतरायचा धोका मोठा असतो. त्यातून होणारा न्यूमोनिया हे या लोकांच्या मृत्यूचं एक प्रमुख कारण आहे. प्रत्येक वेळी ठसका लागतोच असं नाही. घास गुपचूपही उतरतो. जेवताना डोळ्यांत पाणी येणं, जेवणानंतर आवाज घरघरल्यासारखा होणं, वरचेवर ताप आणि छातीत कफ, ही त्याची चिन्हं. खाटेवर आडवं ठेवून भरवू नका, सलाईन चालू असली तरीही. सरळ बसवून, हनुवटी किंचित खाली, छोटा घास, पहिला गिळल्याशिवाय दुसरा नाही, आणि जेवण झाल्यावर अर्धा तास बसलेलंच ठेवायचं. आपल्या भागात पेशंटला भेटायला येणारा माणूस मोकळ्या हातानं येत नाही. द्राक्षांचा घड असतो, भडंगाची पुडी असते. अख्खं द्राक्ष घशात नेमकं बसतं, भडंग कोरडं आणि भुरभुरीत. गिळायला त्रास असलेल्या माणसासाठी दोन्ही धोक्याचे. प्रेमानं आणलेलं असतं म्हणून कुणी नाही म्हणत नाही. तुम्ही म्हणा.

फिट्स आणि डाऊन सिंड्रोम

बौद्धिक अक्षमता असलेल्या साधारण पाचातल्या एकाला फिट्स येतात. दवाखान्यात यातली सगळ्यात नेहमीची चूक ऑपरेशनच्या सकाळी होते. “रात्रीपासून काही द्यायचं नाही” म्हटलं की घरचे फिटची गोळीही चुकवतात, आणि टेबलावर घ्यायच्या आधीच फिट येते. भूल देणाऱ्या डॉक्टरांना आदल्या दिवशी थेट विचारा. बहुतेक वेळा घोटभर पाण्याबरोबर ती गोळी द्यायला सांगतात. दाखल असताना गोळीची कंपनी परस्पर बदलली जात नाहीये ना, तेही बघा. काहींना नुसत्या तेवढ्या बदलानंही फिट येते. वर्षानुवर्षं फेनिटॉइन ही फिटची गोळी घेणाऱ्याच्या हिरड्या वाढू शकतात. फिटच्या काही जुन्या गोळ्यांनी हाडं ठिसूळ होतात, त्यामुळे साध्या पडण्यानंही फ्रॅक्चर होऊ शकतं. पडल्यावर रडला नाही म्हणून एक्स-रे टाळायचा नाही.

फिट आल्यावर चप्पल हुंगवणं, कांदा फोडणं, दातांत चमचा घालणं हे अजूनही चालतं. यातलं काही करू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली तर गाडी काढायची. फिट थांबवायला नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे मिळतो. घरात ठेवावा का आणि किती द्यावा, हे न्यूरॉलॉजिस्टना विचारून कागदावर लिहून घ्या.

डाऊन सिंड्रोमच्या मोठ्या माणसाचं प्रकरण जरा वेगळं आहे, कारण त्याच्या शरीराच्या अडचणी बऱ्याचशा आधीच सांगता येतात. थायरॉइड मंद पडणं इतकं सर्रास आहे, की दरवर्षी टीएसएच ही थायरॉइडची तपासणी करावीच. माणूस सुस्तावला, वजन वाढलं, बोलेनासा झाला, तर ‘वय झालं’ म्हणण्याआधी ही साधी रक्ततपासणी. जन्मतः हृदयात दोष असण्याचं प्रमाण मोठं आहे, मोतीबिंदू लवकर येतो, ऐकू कमी येतं. काहींच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात. भूल देताना मान मागं वाकवतात, म्हणून हे भूलतज्ज्ञांना आधी सांगायचं. श्वासनलिकाही अरुंद असते, तेव्हा भुलेत श्वासासाठी घालायची नळी एक माप लहान लागू शकते.

आणि विसराळूपणा. डाऊन सिंड्रोममध्ये एकविसावं गुणसूत्र दोनाऐवजी तीन असतात. अल्झायमरमध्ये मेंदूत जे प्रथिन साठतं, ते ज्यापासून बनतं त्याचं जनुक याच एकविसाव्या गुणसूत्रावर आहे. तीन प्रती असल्यानं ते आयुष्यभर जास्त बनत राहतं. चाळिशीपर्यंत जवळजवळ सगळ्यांच्या मेंदूत ते बदल दिसतात आणि पन्नाशीच्या आसपास लक्षणं सुरू होतात. आधी स्वतः शर्टाची बटणं लावणारा माणूस बटणापाशी थांबायला लागतो. पण इथंही तीच खबरदारी: थायरॉइड, कान, डोळे, नैराश्य, घरातला एखादा मृत्यू, हे सगळं तपासल्याशिवाय डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, शिक्का नको. कारण वरच्या बहुतेक कारणांवर काहीतरी उपाय करता येतो.

रक्त काढायचं कसं

एक प्रसंग जवळून सांगते. पंचविशीतली मुलगी, बौद्धिक अक्षमता आणि सोबत ऑटिझम. रक्त तपासायचं होतं. तिला सुई दिसली की ती ओरडत बाहेर पळायची. चौघांनी धरायचं ठरत होतं. आमच्या एका सीनियर सिस्टरनी सगळ्यांना बाहेर काढलं. खोलीतला पंखा आणि ट्यूबलाइट बंद करून खिडकी उघडली. मुलीच्या कोपराच्या आतल्या घडीवर बधिर करायचं क्रीम लावून वर पट्टी बांधली आणि मायलेकींना सांगितलं, “तासाभरानं या, चहा घ्या.” परत आल्यावर सिस्टर खाली स्टुलावर बसल्या, म्हणजे मुलीपेक्षा बुटक्या. बांधायचा पट्टा आधी स्वतःच्या दंडाला बांधला, मग आईच्या, मग तिच्या हातात दिला. ती थोडा वेळ तो ताणून सोडत बसली. मग तिनंच दंड पुढं केला. सुई आत गेली तेव्हा ती पट्ट्याचं टोक बोटाभोवती गुंडाळत होती. कापूस तिनं स्वतः दाबला.

यात सुईवर खर्च झालेला वेळ नेहमीइतकाच होता. बाकीचा तास ती कँटीनमध्ये होती. जबरदस्तीनं धरून केलं असतं तर दोन मिनिटांत उरकलं असतं, हे खरं, पण त्यानंतर ती मुलगी दवाखान्याच्या गेटमधून आत आली नसती. पुढची कित्येक वर्षं तिचा कुठलाच आजार वेळेत कळला नसता.

हे सगळं कुणाच्या मेहेरबानीवर सोडलेलं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६, यात बौद्धिक अक्षमता येते. त्याच्या कलम २५ मध्ये सरकारी आणि खासगी, दोन्ही दवाखान्यांत अडथळ्याशिवाय प्रवेश आणि तपासणी-उपचारात प्राधान्य सांगितलं आहे. ‘वाजवी सोय’ ही त्याच कायद्यातली संकल्पना: त्या व्यक्तीसाठी आवश्यक तो फेरबदल, संस्थेवर अवाजवी बोजा न टाकता. आणि अशी सोय नाकारणं म्हणजे भेदभाव, हेही कायद्यातच लिहिलं आहे. व्हीलचेअरसाठी रॅम्प बांधला की आपण मोकळे झालो असं बऱ्याच दवाखान्यांना वाटतं. ज्याला रांगेत दोन तास बसणं झेपत नाही, त्याचा रॅम्प म्हणजे सकाळचा पहिला नंबर. किंवा केसपेपर काढून बाहेर झाडाखाली थांबायची मुभा आणि नंबर आला की फोन. दातांसाठी भूल द्यायचीच आहे, तर त्याच भुलेत रक्त काढून घेणं, कानातला मळ काढणं, नखं कापणं. हे आधी ठरवून केलं तर एका दिवसात होतं.

एक अडचण मात्र आपल्याकडची खास आहे आणि तिच्याबद्दल मला राग आहे. पस्तीस वर्षांच्या मुलाचं सगळं आई करते. त्याला पुरुषांच्या वॉर्डात ठेवतात आणि रात्री आठनंतर बाईला थांबू देत नाहीत. नियमामागचं कारण मला कळतं. शेजारच्या कॉटवरच्या माणसाचीही अब्रू आहे. पण जो माणूस फक्त आईच्या हातून पाणी पितो, त्याला रात्रभर एकटं ठेवलं की सकाळी तो सलाईन उपटून, हात बांधलेल्या अवस्थेत सापडतो. मार्ग असतो: कडेची कॉट आणि पडदा, साइड रूम, नाहीतर निदान रात्रीच्या सिस्टरांच्या टेबलाजवळची कॉट आणि आईला तिथं खुर्ची. दाखल होतानाच ड्यूटीवरच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून हे केसपेपरवर लिहून घ्या. तोंडी परवानगी ड्यूटी बदलली की संपते.

एक कागद

ब्रिटनमध्ये अशा पेशंटकडं ‘हॉस्पिटल पासपोर्ट’ असतो. नाव भारी असलं तरी ती एक साधी पुस्तिका आहे. आपण एका कागदावर करू शकतो, मोठ्या अक्षरात, मराठीत. वरच्या भागात जे चुकलं तर जिवावर बेतेल ते: फिट्स, ॲलर्जी, चालू औषधं आणि वेळा, गिळायचा त्रास, हृदय, फोन नंबर. त्याखाली बोलणं कसं, दुखणं कसं दाखवतो, काय चालत नाही. शेवटी आवडी. नमुना म्हणून थोडं लिहून दाखवते:

“घरी मला सगळे बाळू म्हणतात, तुम्हीही म्हणा, लगेच वळून बघेन. एका वेळी एकच गोष्ट सांगा आणि थोडं थांबा, मला वेळ लागतो. ‘दुखतंय का?’ विचारलं तर मी कायम ‘हो’ म्हणतो, म्हणून बोटानं दाखवायला सांगा. दुखलं की मी गप्प होतो आणि उजवा कान चोळतो. ओरडत असेन तर भूक लागलेली असते. शीर डाव्या हातावर सापडते. मागून हात लावू नका. गोळी गुळाच्या खड्याबरोबर घेतो, चुरून दिली तर थुंकतो. संडासला जायचं असलं की शर्टाचं टोक ओढतो.”

यातलं ‘कायम हो म्हणतो’ हे वाक्य मी मुद्दाम घातलं. समोरच्याला खूश ठेवायला होकार देणं ही या लोकांची आयुष्यभराची सवय असते. डॉक्टरनं विचारलं, छातीत दुखतं? हो. पोटात? हो. बरं वाटतं? हो. तीनही उत्तरं केसपेपरवर जातात.

कागदाच्या दोन-तीन झेरॉक्स ठेवा. एक फाइलला, एक कॉटला चिकटवायला. ड्यूटी बदलताना आम्ही नर्स हँडओव्हर देतो, तेव्हा जे लिहिलेलं असतं तेच पुढं जातं. आणि मोबाईलमध्ये दोन व्हिडिओ: तो बरा असतानाचा एक, चालताना, जेवताना, हसताना, आणि फिटचा किंवा त्या विचित्र वागण्याचा एक. स्ट्रेचरवर निपचित पडलेला माणूस एरवी स्वतः गाईला वैरण घालतो, हे डॉक्टरला शब्दांत सांगून पटत नाही. व्हिडिओ बघितला की उपचाराचा नूर बदलतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

सही कुणाची

बऱ्याच आईवडिलांना माहीत नसतं, की मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्यानं ते आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. व्यवहारात दवाखाना नातेवाइकाची सही घेतो आणि काम चालतं; जिवावरची वेळ असेल तर उपचार सहीसाठी थांबत नाहीत. पण मोठ्या, आधी ठरवलेल्या ऑपरेशनला, आईवडील नसताना भावंडांत मतभेद झाले तर, किंवा बँकेच्या कामाला प्रश्न येतो. त्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती ठेवली आहे. बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता यांच्यासाठी ती कायदेशीर पालक नेमते. सांगलीकरांनी अर्ज विजयनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करून द्यावा.

पालक नेमला म्हणजे त्या माणसाचं मत संपलं, असं मात्र नाही. २०१६ चा कायदा मर्यादित पालकत्वाची भाषा करतो: निर्णय त्याच्याशी बोलून, त्याच्या इच्छेला धरून. कुठल्या हाताला सलाईन लावायची हे जवळजवळ प्रत्येकाला ठरवता येतं. ऑपरेशन करायचं का, हे सौम्य अक्षमतेच्या अनेकांना चित्र काढून, दोन-तीनदा सांगून समजतं. आधी त्याला विचारायचं, मग सोबतच्याला.

बायकांच्या बाबतीत हे जास्तच कडक असायला हवं. १९९४ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं काढली गेली. कारण सांगितलं गेलं ते पाळीच्या स्वच्छतेचं. देशभर गदारोळ झाला. आजच्या कायद्याच्या कलम १० नुसार दिव्यांग व्यक्तीवर, तिच्या मोकळ्या आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय, वंध्यत्व आणणारी कुठलीही प्रक्रिया करता येत नाही. २००९ मध्ये चंडीगडच्या एका प्रकरणात सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणीला गर्भ ठेवायचा होता. सर्वोच्च न्यायालयानं तिची इच्छा मानली. तरीही गावाकडं अजून “पिशवी काढून टाका, कटकट नको” असा सल्ला मिळतो. पाळीचा त्रास असेल तर गोळ्या आहेत, इतर उपाय आहेत, आणि पॅड बदलायला शिकवता येतं. वेळ लागतो, पण शिकतात.

पैशाचं थोडक्यात. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर आधी ते काढा, पुढचं सगळं त्यावर अडतं. राष्ट्रीय न्यासाचा ‘निरामय’ आरोग्य विमा वर्षाला एक लाखापर्यंत आहे आणि तो घेताना आधी वैद्यकीय तपासणी मागत नाहीत. ओपीडी आणि थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत त्यात बसतो. मोठ्या ऑपरेशनला महात्मा फुले जनआरोग्य योजना. दवाखान्यात या योजनेची मदत करणारा आरोग्यमित्र असतो, त्याला दाखल होण्याआधी भेटा. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवायचा असतो, तोही मागा. प्राधान्य किंवा सोय नाकारली गेली तर सरकारी दवाखान्यात तक्रार निवारण अधिकारी असायलाच हवा असं कायदा सांगतो, आणि त्याच्यावर पुण्यात राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत. तक्रार लेखी द्या, पोच घ्या.

आता शेवटचं, जे घरोघरी टाळलं जातं. हे सगळं ज्ञान बहुतेक घरांत एकट्या आईच्या डोक्यात असतं. कुठल्या कानावर झोपतो, कुठला आवाज म्हणजे पोट, कुठला म्हणजे नुसता कंटाळा. आई सत्तरीची होते आणि एक दिवस तीच आयसीयूत जाते. त्या दिवशी मुलाला ताप आला तर शेजारी काय सांगणार? म्हणून दुसरा माणूस आत्ताच तयार करायचा. भाऊ, वहिनी, भाची, कुणीही. आजार नसताना वर्षातून एकदा जी तपासणी करायची, दात, कान, डोळे, वजन, बीपी, साखर, थायरॉइड, त्या फेरीला आईनं या दुसऱ्या माणसालाही सोबत न्यायचं, आणि डॉक्टरशी बोलायचं त्या दुसऱ्यानं. आईनं बाकड्यावर बसून फक्त ऐकायचं आणि जे सांगायचं राहिलं ते त्या कागदावर लिहायचं.